नोंद कुठं करावी लागती?

रब्बीत शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीची असते. हे ज्याला माहीत नाही, त्याला आमच्या हिंगोलीकडचा शेतकरी आभाळाचा एवढा जाणकार कसा, ते कळायचं नाही. अकराच्या सुमाराला मोटार चालू करायची, खोरं खांद्यावर टाकून हरभऱ्याला पाणी द्यायचं, आणि एका सरीचं पाणी दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत करायचं काय, तर वर बघायचं. सप्तर्षींची बाज कुठवर आली, शुक्राची चांदणी कधी निघणार, हे त्याला घड्याळापेक्षा नेमकं ठाऊक असतं.

आमच्या मामांचं रान नरसी नामदेवच्या शिवाराला लागून आहे. एका रात्री त्यांना आभाळात दिव्यांची माळ दिसली. वीसएक दिवे, एकामागे एक, आवाज नाही, घाई नाही, शाळेतली पोरं रांगेत जावीत तशी चाललेली. मामा बघत राहिले आणि तेवढ्यात पाणी दांड फोडून शेजाऱ्याच्या तुरीत गेलं. सकाळी ते माझ्याकडे आले. मला वाटलं, विचारतील, "हे काय होतं?"

त्यांनी विचारलं, "याची नोंद कुठं करावी लागती, भाचे?"

मी सांगितलं, मामा, ते इंटरनेटचे उपग्रह, स्टारलिंकचे. एका रॉकेटमधून बरेच सोडतात आणि पहिले काही दिवस ते असे ओळीनं दिसतात. मामांचा चेहरा पडला. समोर आलेल्या माणसाला ओळख सांगावी आणि त्यानं म्हणावं, "हो का, चहा घेणार?", तसं त्यांना झालं असावं.

पण त्यांचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. कारण जगभरच्या उडत्या तबकडीवाल्या हौशी मंडळांचा गेल्या पाऊणशे वर्षांचा प्रश्न नेमका हाच आहे. २४ जून १९४७ ला अमेरिकेत केनेथ अर्नोल्ड नावाच्या वैमानिकाला नऊ चकचकीत वस्तू उडताना दिसल्या, वर्तमानपत्रांनी 'तबकडी' हा शब्द उचलला, आणि गावोगाव मंडळं निघाली. सभासद कोण, तर निवृत्त मास्तर, दुकानदार, एखादा उत्साही इंजिनिअर. साहित्य म्हणजे दुर्बीण, थर्मास आणि एक जाड वही. आपल्याकडच्या भजनी मंडळाला टाळ-मृदंग लागतात, एवढाच फरक. भजनी मंडळाला मात्र विठ्ठल आहे असं सरकारनं लिहून द्यावं, अशी गरज कधी वाटली नाही. तबकडीवाल्यांना ती सतत वाटते. तबकडी दिसली हे त्यांच्या लेखी पुरेसं नाही. ती दिसली असा कागद हवा, खाली सही हवी, आणि जमलं तर गोल शिक्का.

कागद मिळालाही, पण कसा! अमेरिकेच्या हवाई दलानं १९४७ ते १९६९ या काळातल्या १२,६१८ नोंदी तपासल्या, त्यातल्या ७०१ 'अनोळखी' म्हणून ठेवल्या आणि कार्यालय बंद केलं. मंडळं खूश, कारण ७०१ उरल्या. हवाई दलही खूश, कारण बाकीच्या मिटल्या. एकाच फायलीवर दोन्ही पक्ष समाधानी, असं आमच्या तहसिलात होत नाही. फ्रान्सनं १९७७ साली आपल्या अंतराळ संस्थेतच यासाठी रीतसर विभाग उघडला. ग्रेनाडा नावाच्या चिमुकल्या बेटाच्या पंतप्रधानांनी, एरिक गेरी यांनी, तर विषय संयुक्त राष्ट्रांत नेला. डिसेंबर १९७८ मध्ये आमसभेनं ठरवलं की ज्या देशांना रस असेल त्यांनी आपापल्या पातळीवर अभ्यास करावा. म्हणजे अर्ज खालच्या कार्यालयाकडे वर्ग. मार्च १९७९ मध्ये गेरीसाहेब न्यूयॉर्कला असताना इकडे त्यांचं सरकारच उलथलं. आभाळाकडे बघताना दांड फुटतो म्हणतात तो असा.

आता तर अमेरिकेनं तबकडीचं नावच बदललं. 'अनोळखी उडती वस्तू' म्हणायचं नाही, 'अनोळखी असामान्य घटना' म्हणायचं. आपल्याकडे तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला तसंच हे.

मामांना मात्र उत्तर द्यायला हवं होतं. मी खूप विचार केला. आभाळातून येणाऱ्या गोष्टींची सरकार नोंद घेतं, नाही असं नाही. गारपीट झाली की पंचनामा होतो. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर ती अतिवृष्टी, ६४ झाला तर तो आपला पाऊस, देवाची कृपा. पिकाचं नुकसान ३३ टक्के असावं लागतं. तबकडीनं किती टक्के तूर आडवी केली तर मदत मिळेल, याचा शासननिर्णय मला सापडला नाही.

एकदा मात्र आभाळातून खरंच वस्तू पडली आणि तिचा रीतसर पंचनामा झाला. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भ-मराठवाड्यात कितीतरी लोकांनी जळत जाणाऱ्या रेघा पाहिल्या, मोबाइलवर टिपल्या. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं, आसपासच्या गावांत गोळे सापडले. कडं गेलं पोलीस ठाण्यात. इस्रोची माणसं येऊन पाहून गेली. जाणकारांनी सांगितलं की हे चिनी रॉकेटचे अवशेष असावेत. परग्रहावरून नव्हे, पण परदेशातून आलेली वस्तू विनातिकीट आत शिरली म्हणून ठाण्यात बसवली, असा तो प्रकार.

तबकडीवाल्यांवर हसणं सोपं आहे आणि मी हसतोच आहे. पण नरसीत बसून ते फार वेळ जमत नाही. हे नामदेवांचं गाव, आणि प्रमाणपत्राचा प्रश्न नामदेवांनाही चुकला नव्हता. कथा सगळ्यांना ठाऊक आहे. पांडुरंग ज्याच्याशी बोलतो, ज्याच्या हातचं खातो, अशा माणसाच्या डोक्यावर गोरोबाकाका कुंभारांनी थापटी मारली आणि निकाल दिला: मडकं कच्चं. नामदेव चिडले. चिडणारच. प्रत्यक्ष देव दिसतो म्हणणाऱ्याला वर परीक्षा कसली? पण चिडून झाल्यावर ते विसोबा खेचरांना शोधत औंढ्याच्या नागनाथाला गेले. तिथं विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. पुढचं मी सांगत नाही. त्याच औंढ्याला नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरलं म्हणतात, आणि पुरावा म्हणून मागच्या बाजूचा नंदी दाखवतात. देवळानं जागा बदलल्याची नोंद कुठल्याही फेरफारात नाही. तरी कुणाचं अडलेलं नाही.

आता योगायोग बघा. त्याच औंढा नागनाथच्या परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा होते आहे. चार-चार किलोमीटरचे दोन हात, काटकोनात. केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. या शास्त्राचाही जन्म तबकडीवाल्यांच्याच आळीतला म्हणायला हवा. जोसेफ वेबर या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९६९ साली, म्हणजे हवाई दलानं तबकड्यांची फाइल मिटवली त्याच वर्षी, ॲल्युमिनियमच्या भरीव दंडगोलांवर गुरुत्वलहरी ऐकल्याचा दावा केला. इतरांनी तशीच यंत्रं लावली, कुणालाच काही ऐकू येईना. मडकं कच्चं. वेबरनं हट्ट सोडला नाही, पण बाकीचे कामाला लागले, आणि १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर सापडली. तीही एका यंत्राच्या शब्दावर मान्य झाली नाही. तीन हजार किलोमीटरवरच्या दुसऱ्या यंत्रालाही सात मिलिसेकंदांच्या फरकानं तीच थरथर जाणवली, तेव्हा मान्य झाली. पंच दोन लागतात, हे आमच्या पोलीस पाटलांना आधीपासून ठाऊक होतं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आधीची, २०१० सालची आहे. या गुरुत्वलहरीवाल्या मंडळींनी आपल्याच यंत्रात आपल्याच चार माणसांकरवी गुपचूप एक खोटी लहर सोडली. बाकीच्या शेकडो जणांनी ती शोधून काढली, महिनोन् महिने तपासली, छापायला निबंध लिहून तयार ठेवला. मग सगळ्यांसमोर पाकीट उघडलं: लहर आपलीच, बनावट. कुणी रुसलं नाही. आपल्या डोक्यावर आपणच थापटी मारून घ्यायची ही रीत औंढ्याच्या शिवारात यावी, याहून योग्य जागा मला तरी सुचत नाही. तबकडी मंडळांनी सरकारकडे शिक्का मागण्याआधी एवढं एकदा करून बघावं. आपल्याच सभासदानं रात्री एक कंदील उडवावा आणि वहीत काय उतरतं ते वाचावं.

मामांना हे सांगितलं. ते म्हणाले, "वरचं ठेव बाजूला. खालचं सांग." त्यांचंही बरोबर होतं. आमच्या जिल्ह्यात अनोळखी गोष्ट वरून कमी आणि खालून जास्त येते. वसमत तालुक्यात पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत कित्येक वर्षं जमिनीतून गूढ आवाज येतात. भांडी वाजतात, माणसं अंगणात येतात. ऐकणाऱ्याला सुरुवातीला लोक हसलेच असतील. मग २१ मार्च २०२४ ला सकाळी ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला, १० जुलैला पुन्हा तेवढाच. आकडा आला, नोंद झाली. त्या गावांना पंच शोधावे लागले नाहीत, सगळं गावच पंच होतं.

आणि नोंदीचं म्हणाल तर खुद्द नरसीला तरी ती कुठं सुखासुखी मिळाली? जुन्या पुस्तकांत नामदेवांचं जन्मगाव कऱ्हाडच्या बाजूचं नरसी-बामणी म्हणून छापलेलं सापडतं. आमच्या नरसीनं त्यावर वाद घातला असेल-नसेल, यात्रा मात्र भरवत राहिली. पंजाबातून शीख भाविक येतात, कारण त्यांच्या ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत.

आषाढ वद्य एकादशीला नरसीत परतवारी भरते. पंढरपूरहून परतलेले वारकरी इथं येतात. तुम्हीही या, मामांच्या रानात मुक्काम करा. तबकडी दिसेल असं वचन देत नाही. त्या दिवसांत आभाळ भरलेलं असतं, आणि मामांना तेच बरं वाटतं.