नाना, मदरबोर्डचं सुतक इतक्यात धरू नका

"नाना, काल रात्री घरात पिठाची गिरणी टाकलीत की काय? घरघर पार आमच्या खोलीत!"

"गिरणी कसली वहिनी, कॉम्प्युटर! लेकाच्या इंजिनिअरिंगच्या वेळचा. सुरू करून चहा प्यायला, कप विसळला, तरी ते पडद्यावरचं गोल आपलं फिरतंच. आणि मध्येच आपोआप बंद पडतो. स्टेशनजवळच्या दुकानात नेला, तर म्हणे मदरबोर्ड गेला, नवीन घ्या."

"उघडून बघितला त्याने?"

"छे, नुसता चालू केला."

"मग काय अंतर्ज्ञानाने कळलं? बोर्ड पार गेला असता तर पडद्यावर काही उमटलंच नसतं. एमएससीआयटीच्या क्लासात मी पंधरा-पंधरा मशीनं सांभाळलीत. फोटोबिटो कुठे ठेवलेत?"

"त्यातच. मुंज, लग्न, सगळं."

"आणि कॉपी?"

"ती कशाला?"

"कपाळ माझं! आजच एक्स्टर्नल डिस्क आणा आणि सगळं तिच्यावर उतरवा. जुनी डिस्क टकटक करायला लागली की कधी मान टाकेल नेम नाही. बाकीचं सगळं त्यानंतर."

"बरं. मग?"

"मग वायर काढा, डबा अंगणात आणा आणि बाजूचं झाकण उघडा. आपल्या एमआयडीसीत खिडकी उघडी राहिली तर संध्याकाळी टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं. तीच धूळ पंखा आत ओढतो. प्रोसेसरच्या पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पात्या असतात ना, त्यांच्यात करडा थर बसतो आणि वारा जातच नाही. प्रोसेसर तापला की आधी स्वतःच वेग कमी करतो, फार तापला की मशीन बंद. म्हणजे तुमच्या दोन्ही तक्रारी एकाच धुळीच्या असू शकतात. पंखा बोटाने धरून ठेवा आणि मऊ ब्रशने झाडा. त्याखालची पेस्ट खडूसारखी वाळली असेल तर पुसून नवी लावायची. रॅमची पट्टी काढा, तिचे सोनेरी दात खोडरबराने हलकेच घासा आणि परत खट्‌कन बसवा. फक्त एसएमपीएसचा डबा उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात चार्ज राहतो."

"आणि वहिनी, लाइटबिल भरायची साइट उघडायला गेलं की 'सुरक्षित नाही' म्हणतं."

"खाली कोपऱ्यात तारीख काय दाखवतोय?"

"2009!"

"बोर्डावरचा सेल संपलाय. सीआर 2032, तीन व्होल्टचा, गोल चपटा. घड्याळवाल्याकडेही मिळेल. तारीख चुकली की साइटचं सर्टिफिकेट जुळत नाही."

"एवढं करूनही रांगतच राहिला तर?"

"कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा. जो तक्ता उघडेल त्यात डिस्कच्या रकान्यात सारखे 100 टक्के आणि प्रोसेसर निवांत दिसला, तर अडलंय डिस्कपाशी. ती मिनिटाला 7200 फेरे मारते. तिच्या जागी एसएसडी बसवा. एसएसडीत फिरणारं काही नसतंच, आणि ती त्याच साटा वायरीला लागते. घासाघीस करायची हौस असेल तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा, लॅमिंग्टन रोडवर दहा दुकानं फिरा. नाहीतर फडके रोडला जाता-येता चौकशी करा."

"विंडोज 10 आहे हो त्यात. ती बंद झाली म्हणतात?"

"बंद नाही पडली, पण 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने तिचा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज 11 टीपीएम 2.0 मागते, ते तुमच्या मशीनमध्ये कुठलं असायला! लिनक्स मिंट टाकू. फुकट आहे. पत्रं, मेल, यूट्यूबवरची कीर्तनं, सगळं चालतं. विंडोज 10 तशीच ठेवलीत तर तिच्यावर बँकेचं काम मात्र करू नका."

"म्हणजे दुकानदार थापा मारत होता?"

"तसं नाही म्हणत मी. बोर्डावरचे कपॅसिटर, ती छोटी नळकांडी, डोक्यावर फुगलेली दिसली तर त्याचं खरं असेल. पण ती बघायला झाकण तर उघडायला हवं! धूळ, सेल, रॅम, डिस्क, या क्रमाने जा. त्यातूनही नाहीच सुधारला तर खुशाल नवीन घ्या. आणि जुना देताना भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्या केंद्रातच द्या. तेही आतली डिस्क काढून घेऊन, नाहीतर तुमच्या पासबुकाचे स्कॅन जगभर फिरतील."