लिनक्सचे मुखत्यार

बिघडलेला संगणक दुरुस्तीस न्यायचा म्हणजे वणीची किंवा पांढरकवड्याची एस.टी. धरणे जेथे ओघानेच आले, त्या झरी जामणी तालुक्यात मुक्त प्रणालीचा एखादा निष्ठावंत उपासक निपजला, तर त्याची कीर्ती मुकुटबनपासून पैनगंगेच्या काठापर्यंत पसरावी, यात नवल ते काय! हे गृहस्थ बहुधा जिल्हा परिषदेचे गुरुजी असतात. सोयरिकीच्या बोलणीस गेले, तरी त्यांची दृष्टी नियोजित वधूवर न पडता कोनाड्यातल्या लॅपटॉपवर पडते, आणि चहा येण्यापूर्वीच "काय जी भाऊ, हे विंडोज अजून ठेवूनच आहे का?" अशी पृच्छा सुरू होते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० वरील आपला आश्रय काढून घेतला आणि टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था नसलेली जुनी यंत्रे विंडोज ११ च्या दरबारी नामंजूर ठरली, तेव्हा सणाला अवकाश असताही गुरुजींच्या घरी दिवाळी झाली. खिशातल्या पेनड्राइव्हवरून ते लिनक्स मिंट चढवतात, आणि ते चढेपर्यंत १९९१ साली हेलसिंकीच्या टोर्व्हाल्ड्स नामक विद्यार्थ्याने त्याचा गाभा कसा रचला, याचे आख्यान लावतात. खरे सांगायचे तर, जो लॅपटॉप सुरू होईपर्यंत चुलीवर भाकर होत असे, तो त्यानंतर धावू लागतो. ब्राउझर, यूट्यूब, लिब्रेऑफिसातले अर्ज, इनस्क्रिप्ट कळफलकाचे मराठी, सारे निर्वेध चालते.

पंचाईत पुढे होते. कचेरीतून कृतिदेव टंकातली जुनी फाइल येते, आणि तो टंक नसल्यामुळे मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा चिखल उमटतो, सेवा केंद्रातल्या अंगठ्याच्या यंत्राचे ड्रायव्हर बहुधा विंडोजकरिता लिहिलेले निघतात, मग गुरुजी निवाडा देतात, "दोष लिनक्सचा नाही जी, यंत्रवाल्याचा आहे!" निवाडा बिनतोड असतो, परंतु ज्याच्या ई-केवायसीची मुदत उद्या संपते, त्या कास्तकाराला निवाडा नको असतो, अंगठा उमटायला हवा असतो. तरी शाळा सुटल्यावर गुरुजी येतात, काळ्या पडद्यावर अगम्य हुकूम सोडतात आणि टंक बसवून, प्रिंटर वठणीवर आणून मगच उठतात. मोबदला म्हणाल तर अर्धा कप चहा. अंगठ्याच्या यंत्रापुढे मात्र त्यांचेही चालत नाही. या मुलखात लिनक्सचा अंमल टिकून आहे, तो या बिनपगारी मुखत्याराच्या जिवावर.

आणि मुखत्यारांची नोकरी बदलीची! सबब, ज्याची रोजी अंगठ्याच्या यंत्रावर आहे, त्याने विंडोज सोडू नये. इतरांनी मिंट अवश्य घ्यावे, मात्र पेनड्राइव्ह लावू देण्यापूर्वी गुरुजींच्या बदलीचे वर्ष विचारून घ्यावे.