घर सांभाळून कादंबरी: नवोदितांसाठी सोपी मार्गदर्शिका

तुमच्या डोक्यात एक कादंबरी आहे, हे तुम्हाला पुष्कळ दिवसांपासून ठाऊक आहे. तुम्ही सांगत असल्यामुळे शेजाऱ्यांनाही ठाऊक आहे. अभिनंदन, निम्मं काम झालं. आता ती फक्त लिहायची, आणि तेवढ्या काळात नोकरी, संसार नि रक्तदाब जागच्या जागी ठेवायचा. पुढील सूचना क्रमाने पाळा.

१. नोकरी सोडू नका. राजीनामा हवा तर रोज लिहा, हात वळता राहतो. श्री. ना. पेंडसे बेस्टमध्ये होते, जयवंत दळवी अमेरिकेच्या माहिती खात्यात, यूसिसमध्ये. शिवाजी सावंत कोल्हापुरात शाळामास्तर होते. श्याम मनोहर आणि रंगनाथ पठारे कॉलेजात फिजिक्स शिकवत, आणि विश्वास पाटील तर सनदी अधिकारी होते. का, ते बघा: किंमत ४०० रुपये, आवृत्ती १,००० प्रतींची, रॉयल्टी १० टक्के. सगळ्या प्रती खपल्या तर हातात ४०,०००. (सगळ्या खपतात हा भाग कल्पित आहे, तुम्ही कादंबरीकार, चालवून घ्या.) लिहायला चार वर्षं धरली तर महिन्याला ८३३ रुपये पडतात. धुणंभांडी करणाऱ्या मावशी एवढ्यात दारातही उभ्या राहणार नाहीत.

२. पहाटे उठा. निदान मुलाखतीत तरी उठा. ‘ब्राह्ममुहूर्ताची शांतता’ हे शब्द पाठ करून ठेवा. प्रत्यक्षात डब्यासाठी पाचला बायको उठतेच. तिने आधण ठेवलं, मुलांना हाका मारून झाल्या, दूध आत आलं, की तुम्ही उठा. शांतता तेव्हा तयार मिळते.

३. एकांत मिळवा. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ फेब्रुवारी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली. देशभक्ती, मातृप्रेम हे सगळं आहेच, पण तुरुंगाची सोयही लक्षात घ्या: तिथे सोसायटीची मीटिंग नसते, पाहुणे अचानक टपकत नाहीत, आणि भाजी काय करायची हे सरकार ठरवतं. तुम्हाला तुरुंग जमण्यासारखा नसेल तर बेडरूम ताब्यात घ्या. तिला ‘लेखनाची खोली’ म्हणू लागा. आठवडाभरात मुलं स्वयंपाकघरात अभ्यासाला बसतील, आई टीव्ही मुका करून मालिका बघेल. त्यांना त्रास होतोय असं मनात येईल. येऊ द्या, तेही एखाद्या प्रकरणात घालता येईल.

४. घाई करू नका. नेमाड्यांची ‘झूल’ १९७९ची आणि ‘हिंदू’ आली २०१०ला. हे आकडे फ्रिजवर चिकटवून ठेवा. गळका नळ, मुलीच्या शाळेची फी, गावच्या घराची कौलं, कशाचाही विषय निघाला की तिकडे बोट करा. ‘झूल’च्या आधी त्यांनी ‘कोसला’ही लिहिली होती, हे घरात बोलू नका.

५. बाई असाल तर वरच्या चारही सूचना रद्द समजा. वाईट वाटतं, पण मार्गदर्शिका छापून झाली आहे. तुमच्यासाठी वेगळा वर्ग आहे आणि तो ओट्याजवळ भरतो. कुकर लावून लिहायला बसा. तीन शिट्ट्यांत एक संवाद बसवायला शिका, म्हणजे समीक्षक शैलीला ‘मितभाषी’ म्हणतील. डाळ लागली तर मात्र ‘हिचं लक्ष नसतं’ म्हणतील, ते समीक्षक वेगळे. नायिकेने नवरा सोडला, की तुमचं बरं चाललंय ना, असे फोन येतील. विभावरी शिरूरकर या नावाने १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं, तेव्हा या बाई कोण, याच चौकशीला ऊत आला होता. बाळूताई खरे, पुढे मालती बेडेकर, यांनी टोपणनाव घेतलं ते उगीच नव्हे. तुम्हीही एखादं बघून ठेवा. आणि सत्कारात ‘घर सांभाळून हे सगळं कसं जमवता?’ असं विचारलं की गोड हसा. हा प्रश्न पुरुष कादंबरीकाराला विचारल्याचं ऐकिवात नाही, कारण त्याचं उत्तर बहुधा समोरच्या रांगेत पर्स आणि शाल मांडीवर घेऊन बसलेलं असतं.

६. नातेवाइकांना वापरा. काकांचा मामा करा, मिशी काढा. ते ओळखतीलच, पण पुस्तक विकत घेऊन ओळखतील, एवढं बघा.

७. शेवटी अर्पणपत्रिका. ही जागा फार मोलाची आहे. चार वर्षांचे डबे, पाहुणे, दवाखाने आणि पालकसभा इथे एका ओळीत मिटवता येतात, तेही प्रकाशकाच्या खर्चाने. ‘जिच्या त्यागाशिवाय’ अशी सुरुवात करा. त्याग तिने केला की तुम्ही करवून घेतला, या तपशिलाला तिथे जागा नसते. नाव टाका, पण मुद्रित तपासून घ्या. लग्नाआधीचं आडनाव छापून आलं तर दुसरी आवृत्ती निघेपर्यंत ऐकावं लागेल, म्हणजे कायमचंच.

दुसरी कादंबरी सुचली असेल तर आधी महिनाभर पाचला उठून डबा तुम्ही करा. त्यानंतरही लिहावंसं वाटलं, तर प्रकाशकाला खुशाल फोन करा.