पसाऱ्याला कायमचा पत्ता

हापूसचा हंगाम सरला की रत्नागिरीत रिकाम्या लाकडी पेट्या उरतात आणि घरातल्या कर्त्या पुरुषाला सुतारकीचा झटका येतो. चार पेट्या आडव्या रचून खिळे ठोकले की मांडणी तयार! पण पसारा त्याने कमी होत नाही, त्याला कायमचा पत्ता मिळतो. झाकण हरवलेले डबे, बंद मिक्सर, जुनी बिलं आता शिस्तीत रांगेत उभी राहतात, एवढंच. कुणी म्हणेल, वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या गावात सामान ओल्या जमिनीवरून उचललेलं बरं, शिवाय खर्च नाही. कबूल. पण जे टाकायचंच आहे, त्याला ओलीपासून वाचवायचं कशाला? आणि पेटीचं कच्चं लाकूड म्हणजे वाळवीला आमंत्रणच. तेव्हा आधी भंगारवाल्याला हाक मारावी, मग हातोडी शोधावी. ती बहुधा त्या पसाऱ्यातच सापडेल.