ऋ ऋतुपर्णाचा

माझ्या बारशाला आत्याने कानात तीनदा कुर्र केलं. पहिल्यांदा ती ‘ऋतुपर्ण’ म्हणाली, दुसऱ्यांदा ‘ऋतुवर्ण’, आणि तिसऱ्यांदा सरळ ‘बाळू’ म्हणून तिने पाळणा हलवला. पुढे पन्नास वर्षं जगाने माझ्या नावाचं जे काही केलं, त्याची ही रंगीत तालीम होती.

नाव बाबांनी निवडलेलं. ते मराठीचे मास्तर. आमच्या आळीत त्या सुमारास जन्मलेली पोरं म्हणजे संदीप, सचिन, मंदार, नीलेश. एक हाक मारली की चार खिडक्यांतून चार डोकी बाहेर. बाबांना ही नावं रेशनच्या गव्हासारखी वाटायची. त्यांनी थेट वनपर्वात हात घालून नलोपाख्यानातला अयोध्येचा राजा बाहेर काढला.

हा ऋतुपर्ण दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची बातमी ऐकून एका दिवसात विदर्भ गाठायला निघाला. सारथी बाहुक, म्हणजे वेष पालटलेला नल. वाटेत राजाचं उपरणं पडलं. राजा म्हणाला, थांब. नल म्हणाला, आता कसलं थांबता, ते योजनभर मागे राहिलं. राजा चिडला नाही. आपलीही विद्या दाखवावी म्हणून त्याने समोरच्या बेहड्याकडे नजर टाकली आणि सांगितलं, या दोन फांद्यांवर पानं ५ कोटी आणि फळं २,०९५. यावर मात्र नलाने रथ थांबवला, झाड पाडलं आणि फळं मोजली. मालकाच्या उपरण्यासाठी न थांबणारा माणूस हिशेब तपासायला थांबतो, यावरून सरकारी लेखापरीक्षणाची परंपरा किती जुनी आहे ते कळतं. फळं बरोबर भरली. नजरेने पानं मोजणाऱ्या त्या राजाचं नाव मला मिळालं, आणि माझ्या नावातली अक्षरं मात्र आजवर कुणाला मोजता आली नाहीत.

शाळेत हजेरी घेताना बाई मध्येच थांबल्या आणि त्यांनी वही डोळ्यांजवळ नेली, की मी न बोलावता उभा राहायचो. भिंतीवरच्या तक्त्यात ‘ऋ ऋषीचा’. वर्गात ऋ असलेले आम्ही दोघंच, दाढीवाले ते आणि मी. माझ्या पहिल्या प्रगतिपुस्तकावर ‘ऋतूपर्ण’ आलं, तेव्हा बाबा लाल पेन घेऊन शाळेत गेले. ‘ऋतू’ एकटा असला तर तू दीर्घ. पण समासात पुढे आला की ऱ्हस्व! ऋतुचक्र, ऋतुमान, ऋतुपर्ण! बाईंनी निमूट दुरुस्ती केली. त्या दिवसापासून मी एकटा असलो काय आणि समासात असलो काय, ऱ्हस्वच राहिलो.

खरी गंमत इंग्रजीत. मराठी माणूस ऋ चा उच्चार ‘रु’ करतो, हिंदी आणि बंगाली माणूस ‘रि’. त्यामुळे दहावीच्या प्रमाणपत्रावर मी ‘आर-यू’, पॅन कार्डावर ‘आर-आय’, आणि आधारवर शेवटचा ‘ए’ गळून पडलेला. एका बँकेत कर्ज मागायला गेलो, तर समोरच्या मुलाने तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले.

“सर, ही तीन माणसं आहेत.”

“तिघंही मीच.”

“तसं स्टॅम्प पेपरवर लिहून द्या.”

मी तिघांच्या वतीने सही केली. हप्ते मात्र एकटाच फेडतोय.

ज्योतिषी त्यातल्या त्यात उदार. ‘री’ धरलं तर चित्रा, ‘रू’ धरलं तर स्वाती. रास दोन्हीकडे तूळ. हातात तराजू असलेली एकच व्यवस्था माझ्याशी न्यायाने वागली.

बंगालचा धक्का वेगळाच. तिथे ‘ऋतुपर्णा’ हे मुलींचं नाव. ऋतुपर्ण घोष यांच्या १९९७ सालच्या ‘दहन’ चित्रपटात नायिका ऋतुपर्णा सेनगुप्ता. सेटवर घाईत कुणी अर्धवट हाक मारली तर वळून कोण बघत असेल? कोलकात्याला एका कार्यशाळेला गेलो, तेव्हा माझी खोली महिलांच्या मजल्यावर होती. गळ्यात अडकवायच्या ओळखपत्रावर ‘सुश्री’. दाढी वाढवून गेलो असतो तर निदान ऋषींच्यात तरी जमा झालो असतो.

फोनवर नाव सांगणं तर मी सोडूनच दिलंय. मागे एका लग्नपत्रिकेवर नाव आलं, ‘श्री. ऋतु उपरणे’. मी ती पत्रिका जपून ठेवली आहे. हजारो वर्षांपूर्वी योजनभर मागे पडलेलं राजाचं उपरणं अखेर टपालाने घरी आलं!

गेल्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरची सूनबाई पेढे घेऊन आली. “काका, बाळाचं नाव ऋतुपर्ण ठेवतोय. आम्हाला अगदी युनिक हवं होतं.”

युनिक! मी तिच्यासमोर तीन फुटांवर उभा होतो. पण इमारतीत सगळे मला बाळूकाका म्हणतात, तिचा तरी काय दोष? ज्या नावाने मला आयुष्यभर रांगेत उभं केलं, त्यात वाटेकरी आला म्हणून मला चक्क मत्सर वाटला. आमच्या सोसायटीपुरती नावाची लोकप्रियता एका पेढ्यात दुप्पट झाली होती.

“इंग्रजी स्पेलिंग काय करायचं, ते काही ठरत नाहीये,” ती म्हणाली.

“माझ्याकडे तीन आहेत,” मी म्हणालो. “कुठलं हवं?”

बारशाला आम्ही दोघं गेलो. बाळाची आत्या आठवडाभर सराव करून आलेली. तिने तीनदा कुर्र केलं आणि तिन्ही वेळा स्वच्छ, ऱ्हस्व तु सकट म्हणाली, “ऋतुपर्ण!”

पन्नास वर्षांत पहिल्यांदाच कुणी माझी हाक इतकी शुद्ध मारली होती. मी मोठ्याने ‘ओ’ दिली.

सगळ्या बायका पाळणा सोडून माझ्याकडे बघायला लागल्या. आमच्या हिने माझ्या हातात घुगऱ्यांची पुडी कोंबली आणि म्हणाली, “चला बाळू, घरी.”