पट्टीचे आजोबा

पोहणारा पट्टीचा असतो, गाणारा पट्टीचा असतो. आमचे सासरे, अण्णा, पट्टीचे आजोबा आहेत. लहान मुलांच्या डोळ्यांच्या दवाखान्यात कधीही जा, असे एक तरी आजोबा बाकावर दिसतातच. कडेवर नातवंड, खांद्याला पिशवी, पिशवीत रबर लावलेली फाईल, आणि पेशंट सोडून बाकी सगळ्यांवर बारीक लक्ष.

अण्णा साताऱ्याच्या एसटी स्टँडवरून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. गाड्या सुटल्या, सवय सुटली नाही. साडेदहाची अपॉइंटमेंट असली की हे साडेनऊला दवाखान्याच्या पायरीवर. आत फक्त फरशी पुसणाऱ्या मावशी असतात. अण्णा त्यांनाच विचारतात, "डॉक्टर घरून सुटल्या का?"

त्यांची नात ठमी अडीच वर्षांची. एका डोळ्याला अधिक एक नंबर, दुसऱ्याला अधिक चार. अशा वेळी मेंदू धूसर दिसणाऱ्या डोळ्याकडे काणाडोळा करतो आणि तो डोळा हळूहळू बघायचं काम सोडून देतो. आळशी डोळा म्हणतात तो हा. उपाय म्हणजे दिवसभर चष्मा आणि रोज दोन तास चांगल्या डोळ्यावर पट्टी. पहिल्या सहा-सात वर्षांत हे जितकं साधतं तितकं पुढे साधत नाही. हे सगळं डॉक्टरांनी समजावलं तेव्हा अण्णा खवळले होते. "कामाच्या माणसाला सस्पेंड करायचं आणि आळशाला ड्युटी द्यायची? हा कुठला न्याय?" बुफाँ नावाच्या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १७४३ सालीच हा उपाय सांगितला होता, असं मी त्यांना वाचून दाखवलं. "म्हणजे तेव्हापासून अन्याय चाललाय," अण्णा म्हणाले.

पण वरून आलेली ऑर्डर ती ऑर्डर. दुसऱ्याच दिवशी त्यांनी लाल पुठ्ठ्याची वही आखली. तारीख, पट्टी लावल्याची वेळ, शेरा. "१६.१० ला लावली. प्रवासी शांत." "१६.२५. पंधरा मिनिटं लेट. कारण: भेळ." नोकरीला जाणाऱ्या सुनेला आणखी काय हवं? मी निर्धास्त होते.

परवा फेरतपासणी होती. आधी चित्रांचा तक्ता. ज्यांना अक्षरं येत नाहीत त्या पोरांसाठी लेआ हिवॅरिनेन या फिनलंडच्या डॉक्टरीणबाईंनी १९७६ साली तयार केलेली ही चित्रं: सफरचंद, घर, गोल आणि चौकोन. तपासणाऱ्या मुलीने सफरचंद दाखवलं. ठमी म्हणाली, "बदाम."

मुलगी गोंधळली. अण्णा खुलले. दुपारी आजी-आजोबांचा बदामसात चालतो आणि ठमी तिथे पानं वाटायला असते. "बरोबर आहे तिचं," अण्णा म्हणाले, "याला सफरचंद कोण म्हणेल?" मुलगी समजूतदार होती. काहीही म्हणू दे, प्रत्येक वेळी तेच म्हटलं की झालं, असं म्हणून तिने चित्रं लहान लहान करत नेली. ठमी अडखळली की अण्णा खोकल्याच्या आड "चौकोन, चौकोन" म्हणू लागले. मग त्यांना बाहेर बसवण्यात आलं.

त्यानंतर थेंब. सिस्टरनी ठमीला म्हटलं, "डोळे मिटून घे हं." ठमीने मिटले नाहीत, अण्णांनी घट्ट मिटले. थेंब झोंबतात, त्यामुळे ठमीने दवाखाना डोक्यावर घेतला, आणि अण्णांनी सिस्टरना "जरा हळू टाकायला काय होतं?" असं विचारून घेतलं. थेंब हळू कसा पडायचा, ते त्यांनाच ठाऊक. दर दहा मिनिटांनी सिस्टर यायच्या आणि बॅटरी मारून म्हणायच्या, "बाहुली अजून मोठी व्हायची आहे." तिसऱ्या खेपेला ठमीने रडं थांबवून सगळ्या बाकाखाली बाहुली शोधली.

बाहुली मोठी झाली, आम्ही आत गेलो. डॉक्टरांनी अंधार केला, ठमीच्या डोळ्यावर उजेडाची रेघ फिरवली, एकेक भिंग समोर धरलं. नंबर तोच होता. डाव्या डोळ्याची नजर मात्र फारशी पुढे सरकली नव्हती.

"पट्टी नीट लावता ना?"

अण्णा याच प्रश्नाची वाट बघत होते. त्यांनी वही काढली, बेचाळीस दिवसांच्या बेचाळीस नोंदी. डॉक्टरांनी पानं चाळली. मनापासून खूश झाल्या, पण बुचकळ्यात पडल्या. एवढी पट्टी लावून डोळा असा कसा?

तेवढ्यात ठमीने माझ्या पिशवीतून आपला भालू काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. त्याच्या उजव्या डोळ्याभोवतीचा लोकरीचे केस पार उपटले गेले होते. पट्टी रोज चिकटवून रोज ओढून काढली की होतं तसं.

"भालूची पट्टी," ठमी म्हणाली. "भालू रडत नाही."

कुणी काही बोललं नाही. डॉक्टरांनी वही पुन्हा उघडली. अण्णांनी घसा साफ केला.

"हे बघा मॅडम, लावतो मी हिलाच, वेळेवर. पण पाच मिनिटांत ही हुंदके द्यायला लागते. मग मी भालूला बदली ड्युटी देतो."

"अण्णा, वहीत हे कुठेच नाही," मी म्हटलं.

"कसं असेल? कंट्रोलर गाडी सुटल्याची वेळ लिहितो. ती कुठवर पोचली, ते पुढच्या स्टँडने लिहायचं."

डॉक्टर हसल्या, पण चिठ्ठीवर "दोन तास" याच्याखाली त्यांनी दोनदा रेघ ओढली.

वहीत आता चौथा रकाना आहे, "पुढचं स्टँड". तिथे दोन तासांनी पट्टी कुणाच्या डोळ्यावर आहे ते बघून सासूबाई सही करतात. पुढची तारीख सहा आठवड्यांनी, सकाळी अकराची. अण्णांनी मला नऊला तयार राहायला सांगितलंय.