हिंगोलीला समुद्र मिळण्याबाबत

प्रति,
मा. अरबी समुद्र,
मु. बोर्डी ते तेरेखोल

विषय : हिंगोली जिल्ह्यास किनारा मंजूर होणेबाबत

महोदय,

अर्जदार जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा निघाला. वाटणीत त्याच्याकडे पाच तालुके, औंढ्याचा नागनाथ, नर्सीचे नामदेव आणि वसमतची हळद आली. समुद्र आला नाही, कारण तो थोरल्या घरीही नव्हता. त्याआधी १९८४ साली दांडेकर समितीने राज्याचा अनुशेष मोजला, त्यात सिंचनाचा रकाना होता, रस्त्यांचा होता. खाऱ्या पाण्याचा मात्र नव्हता. मराठवाडा अनुशेष मागण्यात कधी कमी पडलेला नाही, मग हाच का राहून गेला, हे अर्जदारास कळत नाही.

मागणीचे कारण पक्षी. जिल्ह्यातल्या हौशी मंडळींनी नव्या दुर्बिणी घेतल्या आहेत, आणि पाणपक्षी पाहायचे तर किनाराच गाठला पाहिजे अशी त्यांची खात्री झाली आहे. रेल्वेनेही त्यांना साथ दिली. मुंबईची जनशताब्दी मार्च २०२४ पासून हिंगोलीपर्यंत येते. पहाटे हिंगोलीत बसलेला माणूस गाडी न बदलता ठाण्यात उतरतो, ऐरोलीला जाऊन बोटीत बसतो, गुलाबी रोहितांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, फोटो काढतो आणि परतल्यावर शेजाऱ्याला सांगतो, ‘आपल्याकडं काय आहे?’ जाताना सहाशेच्या वर किलोमीटर आणि येताना तेवढेच, एवढ्या प्रवासातून त्याला हा प्रश्न सुचतो.

या प्रश्नाचे उत्तर आपल्या दफ्तरी असावे म्हणून नमूद करतो. पूर्णा नदीवर आधी येलदरी, तिच्या खाली सिद्धेश्वर, आणि कळमनुरीच्या बाजूला पैनगंगेवर इसापूर अशी तीन मोठी पाणी जिल्ह्याच्या अंगाशी आहेत. इसापूरला तर अभयारण्याचा दर्जा आहे. हिवाळ्यात अशा जलाशयांवर चक्रवाक उतरतात. चित्रबलाक आणि मुग्धबलाक उथळ पाण्यात उभे असतात, शेकाट्या लाल काटकुळ्या पायांवर चालतो, तुतारी चिखल टोचत फिरते. काळ्या अंगाचे, कपाळावर पांढरा टिळा लावलेले वारकरी थव्याने तरंगतात. नामदेवांच्या जिल्ह्यात त्यांना उपरे कोण म्हणेल?

आता मुद्द्याचे. आपल्याकडे हे पक्षी खाऱ्या वाऱ्यासाठी येत नाहीत, चिखलासाठी येतात. ओहोटीला पाणी हटले की किडे, शंखशिंपले, शेवाळ उघडे पडते आणि पंगत बसते. आपण हा उद्योग दिवसातून दोनदा करता. अर्जदार जिल्हा वर्षातून एकदाच करतो, पण निवांत करतो. पावसाळ्यात धरणात भरती येते. दिवाळीनंतर कालव्याला पाणीपाळ्या सुरू झाल्या की ओहोटी लागते, ती थेट मृगापर्यंत. वीतभर पाणी हटते, नवा चिखल उघडा पडतो, पक्षी एक पाऊल पुढे सरकतात. ही ओहोटी चंद्रावर नव्हे, पाटबंधारे खात्यावर चालते, एवढाच फरक.

रोहितांनाही मिठाचे फारसे वेड नाही. ते गोदावरीवरच्या जायकवाडीला येतात, उजनीच्या फुगवट्यावर भिगवणलाही येतात. रामसर पाणथळीचा मान महाराष्ट्रात पहिल्यांदा जाहीर झाला तो २०२० साली, समुद्रापासून दूर असलेल्या नांदूर मधमेश्वरला, म्हणजे एका बंधाऱ्यामागे साठलेल्या पाण्याला. त्याच वर्षी लोणारही यादीत गेले. आपली ठाण्याची खाडी २०२२ साली आली. ज्येष्ठतेचा वाद अर्जदाराला घालायचा नाही, फक्त तारखा दिल्या. शिवाय २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवर विमानाच्या धडकेने तीसहून अधिक रोहित मेले. अर्जदाराकडे विमानतळ नाही. ही उणीव एरवी निवेदनात लिहिली जाते. आज ती जमेच्या बाजूला मांडतो.

आमच्याकडे सारे आलबेल आहे असे मात्र नाही. पाणी हटेल तशी काठावर गाळपेर सुरू होते. हरभरा, चारा, कलिंगड. ज्याची जमीन धरणात गेली त्याने ती का पेरू नये? पण नांगर पाण्याच्या कडेपर्यंत गेला की चिखल आणि पक्षी दोघेही मागे हटतात. नदीसुरय, आर्ली, टिटवी ही मंडळी अंडी घालतात उघड्या रेतीत, खड्यांत. नदीसुरयाचे नाव तर जागतिक संकटग्रस्तांच्या यादीत आहे. ऐन उन्हाळ्यात येलदरीचे दार उघडले की खाली सिद्धेश्वरची पातळी वर चढते, आणि त्या आठवड्यात काठाशी घरटी असतील तर ती पाण्याखाली जातात. अवेळी भरती म्हणजे काय, हे आपल्याला सांगणे नको.

तरी किनारा मंजूर करताना एवढे पाहावे, की तो पाच ते बारा नोव्हेंबरच्या दरम्यान येऊ नये. मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून बारा तारखेला येणाऱ्या सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत राज्यात पक्षी सप्ताह असतो. त्या आठवड्यात जिल्ह्याची दुर्बिणधारी मंडळी ठाण्याला गेलेली असतील, आणि आपले स्वागत करायला इथे कोणी सापडणार नाही.

आपला,
हिंगोली जिल्हा (बिनकिनारी)

प्रत माहितीसाठी : येलदरीची दारे ज्यांच्या हाती आहेत ते कार्यालय. एप्रिलचे आवर्तन सोडण्याआधी सिद्धेश्वरच्या काठावर कोणी एक फेरी मारील काय?